सात हातांचा ऑक्टोपस: चॉकलेटचा साचा, आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात मागवला तेव्हा फोटो बघून भुलले, हे आधीच कबूल करते. पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक आणि पारदर्शक साचा, २७५ बाय १३५ मिलिमीटरचा. त्यात पंधरा खळगे: ऑक्टोपस, समुद्रघोडा, तारामासा, कुर्ली आणि शिंपला, प्रत्येकी तीन. किंमत साडेसातशे रुपये. आता नाताळ, शिगमो, मे महिना आणि अर्धा पाऊस त्याने आमच्या म्हापशाच्या घरात काढलाय, तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही.

याआधी माझ्याकडे सिलिकॉनचे साचे होते. ते वाकवून वडी काढायला सोपे, पण वडी निघते मेणचट, चमक नसलेली. कडक साच्याचं गणित उलटं आहे. तो वाकत नाही, चॉकलेटनेच आक्रसून त्याला सोडायचं असतं. आणि चॉकलेट आक्रसतं ते टेम्परिंग, म्हणजे ठरावीक अंशांना तापवणं-निववणं, नीट झालं असेल तरच. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते, त्यातला आपल्याला पाचवा हवा असतो: चमकदार, तोडताना कट्ट आवाज करणारा, साधारण ३४ अंशांना वितळणारा. म्हणून डार्क चॉकलेट आधी ४८ अंशांपर्यंत तापवायचं, ढवळत २८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ वर आणून साच्यात ओतायचं. केकवाल्यांकडे मिळतं त्या कंपाउंड चॉकलेटला यातलं काहीच लागत नाही, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरंच वनस्पती तेल असतं. ते वापरायचं असेल तर हा साचा घेऊ नका, पैसे वाया. मी इडुक्कीच्या कोकोचं ७० टक्के डार्क वापरते. पहिल्यांदा साचा उपडा केल्यावर पंधराच्या पंधरा वड्या टपटप ओट्यावर पडल्या आणि प्रत्येकीत खिडकी दिसत होती, इतकी चमक. त्या एका क्षणासाठी साडेसातशे रुपये वसूल.

मग फेब्रुवारीत माझी भाची एक ऑक्टोपस हातात धरून म्हणाली, "मावशी, याला सातच हात आहेत."

मोजले. सात. तिन्ही खळग्यांत सात. तीन महिने मी ते वाटत होते, खात होते, फोटो काढत होते, आणि मोजायचं सुचलं नव्हतं. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं की माल फोटोप्रमाणेच आहे. फोटो पाहिला. बरोबर, फोटोतही सातच.

तेव्हापासून या घरात साच्याची तपासणी सुरू झाली. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त मागे जातं, तेव्हा आम्ही दोघी हणजुण्याच्या खडकांवर जातो. खळग्यांत साठलेल्या पाण्यात शंखातले खेकडे, खडकाला चिकटलेल्या गोगलगायी, मिटलेली समुद्रफुलं. एकदाच, मार्चमध्ये, एका फटीतून खराखुरा ऑक्टोपस दिसला, मुठीएवढा. आम्ही बघता बघता त्याने खडकाचा रंग घेतला आणि तिथे खडकच उरला. तीन हृदयं असतात त्याला, दोन कल्ल्यांसाठी आणि एक बाकी शरीरासाठी, आणि रक्त निळसर, कारण त्यात लोखंडाऐवजी तांबं प्राणवायू वाहून नेतं. हे सगळं भाचीने तिथेच ओल्या खडकावर बसून मला ऐकवलं. हात मात्र मोजू दिले नाहीत त्याने.

साच्यातली कुर्लीही चुकीचीच. एका नांगीपेक्षा दुसरी चांगली तिप्पट मोठी आहे, म्हणजे कोरणाऱ्याच्या मनात चिखलातला फिडलर खेकडा असणार, चोडण्याच्या खारफुटीत दिसतो तो. नराची एकच नांगी तशी मोठी असते, ती हलवून तो मादीला बोलावतो. इथवर ठीक. पण या कुर्लीच्या पोटाखाली अंड्यांचा झुपकाही कोरलाय! नर की मादी, एक काहीतरी ठरवा. समुद्रघोड्याबाबत निदान ही भानगड नाही, तिथे पिल्लांची पिशवी नराच्याच पोटावर असते.

वापराच्या दृष्टीने मात्र सर्वांत त्रास देतो तो समुद्रघोडाच. शेपटीचं टोक इतकं बारीक की तिथे हवेचा बुडबुडा अडकतो, आणि तीनांतली एक शेपटी साच्यातच राहते. उपाय सापडला: आधी स्वच्छ ब्रशने टोकांना थोडं चॉकलेट लावायचं, मग ओतायचं, मग साचा ओट्यावर बुडबुडे येणं थांबेपर्यंत आपटायचा. तारामासा आणि शिंपला कधीच दगा देत नाहीत.

आता मे महिना. गोव्यात कोणी हा साचा घेणार असेल तर त्याने एवढा परिच्छेद तरी वाचावा. चॉकलेट ओतायचं ३१-३२ अंशांना, आणि मे महिन्यात दुपारी आमच्या स्वयंपाकघरातच ३२-३३ असतं. म्हणजे खोलीच टेम्परिंगला बसलेली! ओतलेलं चॉकलेट तासाभराने पाहिलं तरी तसंच, लुकलुकणारं, पातळ. शेवटी सगळा संसार झोपायच्या खोलीत हलवला, एसी २२ वर, आरशाच्या टेबलावर साचा. आई दारात उभी राहून म्हणाली, "अगो, पावडर लावायच्या जागी हे काय मांडलंस?" मग तिने स्वतःचा तोडगाही सुचवला, त्यात थोडं भिरंडेल घाल. मी हसले खरी, पण सूचना तितकी वेडगळ नव्हती. कोकमाच्या बियांचं हे तूप कोको बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळतं, चॉकलेट त्याने कडक होतं. फक्त आमच्या घरातलं भिरंडेल टाचांच्या भेगांसाठी आहे आणि त्याला तसाच वास येतो.

मध्येच वीज गेली ते दोन घाणे चुकले. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही.

पावसात अडचण वेगळी. फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटं साचा ठेवून वडी छान सुटते, पण बाहेर काढताच दमट हवेत तिच्यावर दव धरतं. साखर त्यात विरघळते, पाणी उडून गेलं की वर पांढरी खर उरते. उन्हाळ्यातही वडीवर पांढरं येतं, ते मात्र कोको बटर वितळून वर आल्यामुळे. बोट फिरवून कळतं: खरखरीत लागलं तर साखर, तुपकट लागलं तर चरबी. दोन्ही खायला चालतात, पाहुण्यांपुढे ठेवायला नाही. हल्ली मी वड्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवते आणि डबा फ्रिजबाहेर काढल्यावर तासभर उघडत नाही. साचाही धुतल्यावर कापसाने कोरडा करून वर दिवसभर पालथा ठेवते. पाण्याचा एक थेंब राहिला तरी चॉकलेटची गुठळी होते. घासणी अजिबात लावू नका. मी एकदाच लावली, एका शिंपल्यावर तो ओरखडा आजही उमटतो.

आठ महिन्यांत तडा नाही, पिवळेपणा नाही, चमक पहिल्या दिवसासारखी. त्यासाठी पाचपैकी चार तारे. एक तारा हातासाठी कापला होता. पण जूनमध्ये भाचीने नवीनच माहिती आणली: खोल समुद्रात हॅलिफ्रॉन नावाचा ऑक्टोपस असतो, त्याला सात हातांचाच म्हणतात. नराचा आठवा हात उजव्या डोळ्याखाली पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो, म्हणून तो दिसत नाही. कोरणाऱ्याला हे ठाऊक असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. तिचा आहे.

तरी वड्या निघाल्या की उरलेलं चॉकलेट बटर पेपरच्या कोनात भरून आठवा हात तीच काढते. तो जरा वाकडा येतो, आणि खाताना सगळ्यात आधी तोच तुटतो.