राजारामपुरीतला इंग्रजीचा शंका-वर्ग: व्याकरण पक्कं, कविता अजून कच्ची

कोल्हापुरात इंग्रजीच्या शिकवण्यांना तोटा नाही. पण बहुतेक ठिकाणी धडा पुढे सरकतो आणि मुलाची शंका मागेच राहते. राजारामपुरीतल्या या छोट्या वर्गात धडा शिकवतच नाहीत, मूल जे अडलेलं घेऊन येईल तेवढंच सोडवतात. राज्य मंडळाची दहावी-बारावीची मुलं, संध्याकाळी साडेपाच ते आठ, महिना ८०० रुपये.

नियम एकच आणि तो कडक आहे. वहीत आधी तीन गोष्टी लिहून आणायच्या: पुस्तकातलं मूळ वाक्य, स्वतः केलेलं उत्तर आणि नेमकं कुठं अडलं ते. नुसतं ‘समजलं नाही’ लिहिलेली वही मॅडम तशीच परत देतात. पालकांना हे सुरुवातीला जाचक वाटतं, पण अडलेली जागा शोधता शोधताच बरीच उत्तरं मुलांना आपली आपण सापडतात.

व्याकरणात हा वर्ग खरोखर उजवा आहे, कारण मराठी मुलाची चूक मराठीतून कशी येते हे इथं नेमकं ओळखतात. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे आपल्या कानाला खटकत नाही, म्हणून मूल ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ लिहून मोकळं होतं. संपलेली वेळ वाक्यात आली की ‘हॅव’ चालत नाही, ‘आय सॉ हिम यस्टरडे’ असंच हवं. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ या दोन्हींत आपला ‘पासून’ एकच, त्यातून ‘सिन्स टू इयर्स’ जन्माला येतं. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधी सुरू झालं ते सांगायचं तर ‘सिन्स’. ‘डिस्कस अबाउट’मधला नको असलेला ‘अबाउट’ही आपल्या ‘बद्दल’चाच.

वाक्यरूपांतर तर पाहण्यासारखं. ‘ही वॉज टू टायर्ड टू वॉक’ यातला ‘अति’ अर्थाचा पहिला ‘टू’ काढायचा असेल, तर त्याच्या जागी ‘सो’, विशेषणानंतर ‘दॅट’, मग कर्ता पुन्हा आणि शेवटी ‘कुड नॉट वॉक’. मुलं ‘नॉट’ गाळतात, नाहीतर ‘वॉज’ समोर दिसत असूनही ‘कॅनॉट’ लिहितात. खरी परीक्षा पुढच्या वाक्यात: ‘द बॉक्स वॉज टू हेवी टू लिफ्ट’. इथं पेटी स्वतः काही उचलत नाही, म्हणून दुसऱ्या भागात कर्ता बदलतो आणि शेवटी ‘इट’ लागतं: ‘द बॉक्स वॉज सो हेवी दॅट नोबडी कुड लिफ्ट इट’. हा फरक इथं घाई न करता, वाक्य फळ्यावर उभं करून दाखवतात. दहावीच्या पेपरात भाषाभ्यासाचे १० गुण वेगळे असतातच, शिवाय उताऱ्यांखालीही व्याकरण येतं, तेव्हा ही मेहनत वाया जात नाही.

शब्दसंग्रहाचं काम मात्र बेताचं. सुट्या शब्दाखाली मराठी अर्थ लिहून देतात, पण ‘डिसिजन’ला ‘मेक’ लागतं आणि ‘होमवर्क’ला ‘डू’, हे कोण सांगणार? शब्द त्याच्या जोडीदारासकट आणि एका पूर्ण वाक्यात लिहून घ्यायला हवा. करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय असलेल्या गावात, वर्गाच्या कपाटात इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश नसावा याचं वाईट वाटतं.

कवितेत सगळ्यात निराशा. रसग्रहण सरळ उतरवून देतात. दहावीला त्याचे ५ गुण: शीर्षक आणि कवी मिळून १, यमकरचना १, अलंकार १, मध्यवर्ती कल्पना २. पाठ केलेल्या परिच्छेदात मुलाचं स्वतःचं काहीच नसतं, आणि बारावीला तर कविता का आवडली हेही लिहायचं असतं. शिवाय यमक आणि अनुप्रास कानानं ओळखायचे असतात, मुलं ते डोळ्यांनी शोधतात. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ची शेवटची अक्षरं सारखी, पण उच्चार वेगळा. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ एकाच अक्षरानं सुरू होतात, तरी तिथं अनुप्रास नाही. ‘लाईक’ दिसला की उपमा, असं ठरवून ‘आय लाईक रेन’लाही उपमा ठरवणाऱ्या वह्या आहेत. कविता आधी दोनदा मोठ्यानं वाचून घेतली आणि ओळींच्या शेवटी जुळणाऱ्या आवाजाप्रमाणे ए, बी अशा खुणा करायला लावल्या, तर यातलं बरंच आपोआप सुटेल. बारावीच्या कादंबरीला १६ गुण आहेत, तिच्याबद्दल विचारलं की गाईडकडे बोट दाखवतात. हे बदलायलाच हवं.

नंबर आल्याच्या क्रमानं लागतो. जानेवारीपासून गर्दी इतकी होते की उशिरा आलेल्याच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात. कागल, पन्हाळ्याकडून एसटीनं येणाऱ्या मुलांनी परतीची गाडी बघून पहिल्या पाचांत नंबर लावावा, आणि एका दिवशी दोनपेक्षा जास्त शंका नेऊ नयेत.