ओव्हनचं बदली एलिमेंट: चांगलं, पण जोडणीचं सामान बदला

कंपनीच्या सुट्या भागाऐवजी मिळणारं ‘कुठल्याही मॉडेलला चालणारं’ नळीचं एलिमेंट तापण्यात कमी पडत नाही. पाचपैकी साडेतीन, गुण कापले ते सोबतच्या सामानामुळे. पाकिटातली पीव्हीसी वायर सरळ फेकून द्या, ओव्हनच्या मागच्या उष्णतेत ती वितळते. फायबरग्लास किंवा सिलिकॉन आवरणाचीच वायर हवी. लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं, तीही पातळ असतात. ढिली जोडणी तापते, काळी पडते आणि शेवटी टोकच जळतं. निकेल मुलामा दिलेले लग घट्ट दाबून बसवा.

विकत घेण्याआधी मात्र जुनं खरंच गेलंय का ते पाहा. प्लग काढा, एका टोकाची वायर सोडवा, मल्टिमीटर लावा. 230 व्होल्टवरच्या 1500 वॉटच्या एलिमेंटचा रोध साधारण 35 ओहम, 2000 वॉटचा 26. रीडिंगच नाही, तर आतली तार तुटली. रीडिंग बरोबर आणि ओव्हन थंड? मग थर्मोस्टॅट, टायमर, थर्मल फ्यूज तपासा.

वॉट जुन्याइतकेच घ्या. जास्त घेतले तर आतली वायरिंग आणि थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू सोसत नाहीत.

नवं बसवल्यावर लगेच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला, तर माल खराब असेलच असं नाही. नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड साठवणीत ओल धरते आणि करंट बॉडीकडे गळतो. एलिमेंट काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास वाळवा. अर्थची वायर काढून ‘चालवून घेणं’ हा उपाय नव्हे, जिवाशी खेळ आहे.