विल्टशर की वेल्स? ग्रीन लेनच्या दोन दिवसांसाठी

आपल्या गावाकडच्या पाणंदीला इंग्लंडात ग्रीन लेन म्हणतात, एवढं सांगितल्यावर माझ्या वडिलांना माझा छंद कळला. पुढचा प्रश्न लगेच आला, "म्हणजे पाणंदीतून गाडी हाकायला तू शंभर मैल पेट्रोल जाळत जातोस?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. मात्र शंभर मैल जायचं की पस्तीस, हा प्रश्न मी माझ्यापुरता सोडवला आहे. स्विंडन, रेडिंग, ब्रिस्टल भागातल्या तीन-चार मित्रांनी गेल्या काही महिन्यांत तोच विचारला, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी तुमच्याकडे आहे, लो रेंज म्हणजे तिचे हळू पण जोराचे गिअर कधी लावायचे ते माहीत आहे, अडकलेली गाडी ओढायचा टो रोप आणि तो जोडायची शॅकल डिकीत आहेत, असं धरून चालतो. उरतो तो एवढाच प्रश्न की शनिवार-रविवार मोकळा मिळाला तर दक्षिणेला विल्टशरच्या खडूच्या माळावर जायचं, की पश्चिमेला मध्य वेल्सच्या डोंगरात. दोन्हीकडे मी प्रत्येकी चार-पाच वेळा जाऊन आलोय. कधी एकटीच गाडी होती, कधी मागे गोव्याच्या शेजाऱ्याची जुनी लँड रोव्हर. (स्विंडनमध्ये गोंयकार शेजारी मिळणं हे नशीब नाही, संख्याशास्त्र आहे.) माझी गाडी सुझुकीची छोटी जिम्नी, जुन्या बांध्याची. मोठी गाडी असेल तर माझे काही अनुभव तुम्हाला लागू होणार नाहीत, हे आधीच कबूल.

कायद्याच्या बाबतीत दोन्ही प्रदेश सारखेच. २००६ पर्यंत एखाद्या वाटेवर जुन्या घोडागाड्यांच्या वहिवाटीचा पुरावा सापडला, की तिथे मोटारीचाही हक्क सांगता येत असे. त्या वर्षीच्या कायद्याने ते दार बहुतेक बंद केलं, आणि नंतर वेल्समध्येही तेच झालं. आता रिस्ट्रिक्टेड बायवेवर, म्हणजे मोटारींना बंद असलेल्या अशा जुन्या वाटेवर, पायी जा, घोडा न्या, सायकल न्या, हवा तर टांगा न्या, पण मोटार नाही. आपल्याला लागतात ते सर्व वाहनांना खुले असलेले बायवे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या एक्सप्लोरर नकाशावर ते हिरव्या फुल्यांच्या रांगेने दाखवतात. नुसते हिरवे ठिपके दिसले तर चौकशी केल्याशिवाय चाक घालू नये. अखेरचा शब्द कौन्सिलच्या दप्तरी असलेल्या अधिकृत नकाशाचा, आणि त्यावरही तात्पुरत्या बंदीचा हुकूम असू शकतो. हा गृहपाठ दोन्हीकडे करावाच लागतो, त्यामुळे तराजूत तो कुठल्याच पारड्यात टाकत नाही.

आधी विल्टशर. मोठा फायदा असा की सकाळी घरी पोहे खाऊन निघालं तरी दहाच्या आत पहिल्या वाटेवर असतो. बायवेंच्या बाबतीत हा परगणा देशात सर्वांत श्रीमंत समजला जातो, आणि नकाशा उघडला की ते पटतं. मार्लबरोच्या टेकड्यांवरून रिजवे जाते, जी इंग्लंडातल्या सर्वांत जुन्या वाटांपैकी एक मानतात. मोटारींना तिचे काही तुकडेच खुले आहेत, आणि तेही १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल बंद. हिवाळ्यात रिजवेचा बेत आखून माझ्यासारखे फजीत होऊ नका.

तिच्या दक्षिणेला सॉल्सबरी प्लेन, म्हणजे ब्रिटनमधला लष्करी सरावाचा सर्वांत मोठा प्रदेश, जवळपास ३८,००० हेक्टर. इथे बायवेवरून जाताना रणगाडे रस्ता ओलांडतात अशा पाट्या लागतात, आणि कधीकधी खरंच समोर रणगाडा येतो. अशा वेळी वाट कोणी द्यायची याची चर्चा होत नाही. माळाच्या पश्चिम भागात इंबर नावाचं गाव आहे. १९४३ च्या डिसेंबरात अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी ते रिकामं केलं आणि गावकऱ्यांना परत कधीच राहायला येऊ दिलं नाही. चर्च आणि रस्ता वर्षातले मोजके दिवस लोकांसाठी उघडतात. ते दिवस साधता आले तर साधा.

माळ एकसुरी आहे, हे मान्य. गवत, आकाश, पुन्हा गवत. पण हळू गेलात तर त्यातही गंमत आहे. रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत साचणाऱ्या पाण्यात फेअरी श्रिंप नावाचा इवलासा झिंग्यासारखा जीव राहतो. डबकं आटलं तरी त्याची अंडी चिखलात तग धरतात आणि चाकांना चिकटून पुढच्या डबक्यात पोहोचतात. रणगाडा चिखल तुडवतो म्हणून जगणारा प्राणी मला दुसरा माहीत नाही. आणि इथे माळढोक आहे! आपल्या नान्नजच्या माळढोकाचा हा युरोपी चुलतभाऊ. १८३२ च्या सुमारास ब्रिटनमधून नाहीसा झाला होता, २००४ पासून याच माळावर त्याला परत आणायचा उद्योग चालू आहे. मी एकदाच पाहिला, तोही इतक्या लांबून की बायको अजून म्हणते ते मेंढरू होतं.

आता तोटे. पहिला लाल बावटा. गोळीबाराचा सराव चालू असला की ठरावीक भागात बावटे चढतात आणि वाट बंद होते. वेळापत्रक संरक्षण खातं आधी जाहीर करतं. ते न पाहता गेलो तो माझा दोष. तासभर अडथळ्यापुढे उभं राहून सँडविच खाल्लं आणि लांबून तोफांचा आवाज ऐकला. दुसरा तोटा खडूचा. कोरडा असेल तर पांढऱ्या फरशीसारखा, पण पावसाच्या दोन सरी आल्या की साबण. जिम्नी एकदा सरळ रेषेत आडवी चालली, हे वाक्य विचित्र वाटेल, पण त्यातून गेलेल्याला कळेल. तिसरा चकमकीचा दगड. खडूत दडलेला असतो आणि सुरीसारखी धार लागलेली असते. एका टायरची बाजू त्याने अशी चिरली की दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाही. कुंपणाच्या काटेरी झुडपांनी रंगावर ओरखडे येतात, पण ते दोन्हीकडे येतात. रंगाला जपणाऱ्याने हा छंदच धरू नये.

आता वेल्स. सौंदर्यात तुलनाच नाही, एवढं म्हणून थांबलो तरी चालेल. रेयाडर गावात मुक्काम करायचा आणि दोन्ही दिवस भोवतालच्या डोंगरात हिंडायचं, ही माझी पद्धत. तिथल्या बऱ्याच वाटा जुन्या गुरं हाकणाऱ्यांच्या. रेल्वे यायच्या आधी वेल्सची गुरं याच डोंगरांवरून इंग्लंडच्या बाजारांना पायी जात, आणि लांबच्या प्रवासासाठी त्यांच्या खुरांना नाल मारत. पाळीव हंसांचे पाय डांबरात आणि वाळूत बुडवून त्यांना तात्पुरते जोडे करत, असंही सांगतात. घाटावरच्या बाजाराला निघालेली आपली जनावरं आठवतात. जवळच एलान खोऱ्यातली दगडी धरणं आहेत. १९०४ मध्ये ती सुरू झाली, आणि तिथलं पाणी ७३ मैल दूर बर्मिंगहॅमला नुसत्या उताराने जातं. गाडी बाजूला लावून ती पाहावीतच. ओढे ओलांडायची हौस असेल तर स्ट्रॅटा फ्लोरिडाच्या बाराव्या शतकातल्या मठाजवळची वाट या छंदातल्या लोकांत प्रसिद्ध आहे. पण पावसानंतर ओढा पायी चालून पाहिल्याशिवाय गाडी घालू नका. घालायचीच असेल तर मागे दुसरी गाडी हवीच.

जमीनही वेगळी. खाली पाटीचा दगड, मध्ये पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची दलदल, वरून पाणी. दगडावर जिम्नी बकरीसारखी चढते, आणि चालवण्याचं खरं कौशल्य इथेच कळतं. विल्टशरमध्ये दिवसभरात मी लो रेंजला दोनदा हात लावत असेन, वेल्समध्ये तो काढतच नाही. रस्त्यावर जागोजागी पांढऱ्या अक्षरांत 'अराव' रंगवलेलं असतं. वेल्श भाषेत 'हळू'. मुलगी तो 'आराम' वाचते, आणि एकूण वेल्सबद्दल तेच बरोबर वाटतं.

मग अडतंय कुठे? फाटकांवर.

ऐकायला क्षुल्लक वाटतं, मलाही वाटलं होतं. मध्य वेल्स हा मेंढपाळांचा मुलूख, त्यामुळे वाटेवर दर थोड्या अंतरावर फाटक. नियम साधा आणि रास्त आहे. फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं, म्हणजे बंद होतं तर उघडून, गाडी पार करून, परत बंद. शेतकऱ्याची मेंढरं शेजारच्या डोंगरावर गेली तर उद्या ती वाट आपल्याला बंद होईल, आणि तेही रास्तच. माझं भांडण नियमाशी नाही. पण गेल्या वर्षीच्या एका शनिवारी मुलीने मागच्या सीटवरून मोजलं, तर संध्याकाळपर्यंत २७ फाटकं झाली. म्हणजे कोणीतरी २७ वेळा उतरलं आणि २७ वेळा ओल्या रेनकोटसह आत आलं, निम्म्याहून जास्त वेळा बायको. एका फाटकामागे दोन-अडीच मिनिटं धरली तरी तासभर वेळ फाटकांतच गेला.

शिवाय प्रत्येकाची कडी वेगळी. कुठे साखळी, कुठे स्प्रिंगचा खटका, तो ओढायला दोन्ही हात लागतात. कुठे बिजागरी मोडलेली, मग अख्खं फाटक खांद्यावर घेऊन उचलायचं. आणि किमान चार ठिकाणी निळ्या सुतळीची अशी गाठ की बांधणाऱ्याने परत कधी सोडायचीच नव्हती. फाटकाच्या अगदी तोंडाशी, जिथे माणूस उतरणार, तिथेच सगळ्यात खोल डबकं. गुरं तिथेच उभी राहून खळगा करतात, हे कारण मला नंतर कळलं. तोपर्यंत बायकोचे दोन्ही बूट भरले होते.

चौदाव्या फाटकाला ती म्हणाली, "आता मी चालवते, तू उतर." मी उतरलो. विसाव्यापर्यंत माझीही हौस फिटली. पण खरा त्रास भिजण्याचाही नव्हता. माझ्यासाठी हे दोन दिवस गाडीतल्या गप्पांचे असतात. आठवडाभर घरात तिघंही आपापल्या पडद्यात असतो. ताशी पाच मैलांनी चालणाऱ्या गाडीत मात्र बोलण्याशिवाय काही करता येत नाही. वेल्समध्ये मुलगी शाळेतली काहीतरी गोष्ट सांगायला लागली की फाटक. दार उघडतं, वारा आत, आई बाहेर. आई परत आली की, "कुठे होतो आपण?" ती गोष्ट तिने त्या दिवशी तीनदा सुरू केली आणि चौथ्यांदा म्हणाली, "जाऊ दे, बाबा."

सॉल्सबरी प्लेनवर बायवेवर फाटकं जवळपास लागतच नाहीत. रणगाड्यांना कोण उतरून उघडून देणार! सकाळी वाटेवर लागलो की जेवणापर्यंत कोणालाही दार उघडावं लागत नाही. तोच एकसुरी माळ, ज्याबद्दल वर मी कुरकुर केली, तो बोलणाऱ्या माणसांना फार चांगला. बाहेर बघण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून लोक आत बघतात.

हे माझं मोजमाप, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. दोन गाड्या असतील, कोणी तरुण भाचा वगैरे हौसेने उतरणारा असेल, किंवा तुम्ही एकटेच असून दगडावर चढण्याची मजा घ्यायला निघाला असाल, तर वेल्स निःसंशय सरस. एकट्याला प्रत्येक फाटकाला दोनदा उतरावं लागतं, एवढंच लक्षात ठेवा. मुक्कामाचा खर्च, पेट्रोल, वेल्सच्या गावांतून २०२३ पासून आलेली ताशी २० मैलांची मर्यादा, यांनी माझा निर्णय इकडचा तिकडे झाला नाही. पण पहिलाच वीकेंड असेल, घरचे बरोबर असतील आणि ते दुसऱ्यांदा यावेत अशी इच्छा असेल, तर मी तरी विल्टशर सुचवीन. मे ते सप्टेंबरातला कोरडा आठवडा बघा, शनिवारी मार्लबरोच्या टेकड्या आणि रविवारी बावटे नसतील तो माळाचा भाग. एक्सप्लोरर नकाशे क्रमांक १५७ आणि १३०, इंबरच्या बाजूला जायचं झालं तर १४३. एलानकरता २००.

हे सगळं फोनवर वडिलांना सांगितलं. पुढच्या महिन्यात ते राजापूरहून येतायत. फाटकांचं ऐकून त्यांचा आवाज एकदम तरतरीत झाला. "म्हणजे आपल्या बेड्यासारखंच ना? काठ्या सरकवायच्या? अरे, मग मला तिकडेच ने. मी उतरेन." लहानपणी परसाच्या बेड्यातून गुरं आत घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. वय ७१, गुडघे बरे आहेत असं ते म्हणतात. रेयाडरला दोन रात्रींची खोली घेतली आहे. आरक्षण मात्र रद्द करता येण्यासारखं घेतलंय.