जादू रोजच्या व्यवहारात उतरते तेव्हा: ‘एबेरॉन: रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर’

कल्पित जगात जादू किती असावी, या प्रश्नाला भूमिका-खेळांची, म्हणजे खेळाडू काल्पनिक पात्रे होऊन गोष्ट पुढे नेतात अशा खेळांची, बहुतेक पुस्तके बगल देतात. नियमांच्या पानापानांवर मंत्र असतात आणि नकाशावरची गावे मात्र जादूचे नावही न ऐकल्यासारखी तेलाचे दिवे लावून बसलेली असतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळातला ‘कंटिन्युअल फ्लेम’ हा दुसऱ्या पातळीचा मंत्र घ्या. 50 सुवर्णमुद्रांची माणकाची पूड खर्ची घातली की अशी ज्योत पेटते, जिला तेल लागत नाही, जिचा चटका बसत नाही आणि जी कुणी मुद्दाम मोडेपर्यंत विझत नाही. हा मंत्र येणारी दहा माणसे जरी एखाद्या शहरात असली, तरी शंभर वर्षांनंतर तिथले रस्ते अंधारात का असावेत? मी रचलेल्या जगाबद्दल एका खेळाडूने मला हे विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या उत्तराच्या शोधातच मी हे पुस्तक वाचले आणि त्याच्या आधारे दीर्घकाळ खेळ चालवला.

कीथ बेकर यांनी कल्पिलेले एबेरॉन हे जग 2002 मधल्या स्पर्धेत अकरा हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून निवडले गेले आणि 2004 मध्ये प्रथम पुस्तकरूपाने आले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांसाठीचे हे 320 पानांचे पुस्तक 2019 चे आहे.

एबेरॉनमधली जादू दूरवर पसरलेली आहे, पण खोल नाही, आणि या पुस्तकाचे सगळे बळ त्यातच आहे. तिसऱ्या पातळीपर्यंतचे मंत्र तिथल्या समाजाच्या अंगवळणी पडलेले आहेत. त्यापुढचे झपाट्याने दुर्मीळ होत जातात. गावोगावी ‘मेजराइट’ असतात, म्हणजे आपल्या धंद्यापुरते दोन-चार मंत्र शिकलेले कारागीर. रस्त्यावर न विझणारे दिवे आहेत, ओरियन घराण्याची विजेवर धावणारी रेल्वे आहे, लिरांडर घराण्याची हवाई जहाजे आहेत. निरोप सिव्हिस घराण्याकडून जातात आणि उपचार जोरास्को घराण्याकडे मिळतात. यातली प्रत्येक सोय वंशपरंपरेने ‘ड्रॅगनमार्क’, म्हणजे जादूची शक्ती देणारी अंगावरची खूण, लाभलेल्या घराण्यांच्या ताब्यात आहे आणि तिला दाम मोजावे लागते. त्यामुळे जादू सर्वत्र असूनही ती सर्वांना परवडत नाही, आणि खेळासाठी लागणारा संघर्ष आपोआप उभा राहतो. माझ्या मते जादूच्या प्रमाणापेक्षा ती कुणाच्या हाती आहे आणि तिची किंमत कोण चुकवतो, हे आधी ठरवायला हवे. 1991 मध्ये आलेल्या ‘डार्क सन’ या वैराण जगानेही नेमके हेच ठरवले होते. तिथे बेफिकीर मांत्रिकाच्या मंत्रामुळे आजूबाजूची झाडेझुडपे मरतात. दोन्ही जगे अगदी विरुद्ध टोकांची, तरीही दोन्ही पटतात.

शार्न या मनोऱ्यांच्या शहरावरचे प्रकरण तर पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. सिरॅनिया या दुसऱ्या विश्वाचा प्रभाव त्या जागेवर असल्यामुळे इतके उंच मनोरे तिथे उभे राहू शकतात आणि उडणेही सोपे जाते. अशा शहरात माणसे खिशात पिसाचे चित्र कोरलेली छोटी धातूची चकती बाळगतात. वीस फूट किंवा त्याहून अधिक खाली पडताना ती जीव वाचवते आणि जमिनीला पाय टेकले की तिची शक्ती संपते. इतकी साधी वस्तू, पण तिच्यावरून तिथल्या माणसांचे रोजचे भय कळते. वरच्या मजल्यांवर कोण राहत असेल आणि खाली कोण, हेही माझ्या खेळाडूंनी मी सांगण्याआधीच ओळखले.

जादू मुबलक झाली की नायकांना काम उरत नाही, अशी शंका नेहमी घेतली जाते. या पुस्तकाने तिचे चांगले उत्तर दिले आहे. सिल्व्हर फ्लेम धर्माची प्रमुख जेला डरान ही अकरा वर्षांची मुलगी आहे आणि तिचे खरे सामर्थ्य फ्लेमकीप शहरापुरतेच आहे. थोर ड्रुइड, म्हणजे निसर्गाची उपासना करणारा मांत्रिक, ओलियन तर एक जागृत वृक्ष आहे. संकट आले तर सोडवायला धावून येईल असा महाबली मांत्रिक कुठेच बसलेला नाही, त्यामुळे खेळाडूंच्या पात्रांना पुढे व्हावेच लागते.

उणिवाही सांगायला हव्यात. मेजराइटची मजुरी, प्रवासाचा खर्च, उपचारांचे दर या व्यवहाराच्या बाबतीत मला कितीतरी अधिक तपशील हवा होता. ज्या जगाचा पायाच जादूचा बाजार आहे, तिथे खेळ घेणाऱ्याला ऐन वेळी अंदाजाने भाव सांगावा लागू नये. खोर्व्हेर या मुख्य खंडाबाहेरचे खंड घाईने उरकले आहेत. तेरा घराण्यांची नावे नवख्याला गोंधळात टाकतात, म्हणून पहिल्या बैठकीत दोन-तीनच घराणी पुढे आणावीत.

तरीही जादू परिचयाची होऊनसुद्धा गूढ शिल्लक राहते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या जगाच्या कालगणनेतल्या 994 साली सायर हे संपूर्ण राष्ट्र एका दिवसात नष्ट झाले आणि त्याच्या सीमेवर करड्या धुक्याची भिंत उभी आहे. हे कशाने झाले, ते पुस्तक जाणूनबुजून सांगत नाही. रेल्वे आणि हवाई जहाजे चालवणाऱ्या त्या जगातल्या एकाही विद्वानाला त्याचे कारण ठाऊक नाही. माझ्या खेळाडूंची पात्रे त्या धुक्यापाशी पोहोचली, तेव्हा प्रत्येकाच्या हाती न विझणारा दिवा होता आणि तरीही पहिले पाऊल टाकायला बराच वेळ कुणीच तयार होईना.