पत्रावरचा नंबर आधी बघा : ट्रेनिंगच्या नावाखाली माझे ४५ हजार गेले

बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला असताना, गड्ड्याची जत्रा नुकतीच आटोपली होती तेव्हाची गोष्ट. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये आर्किटेक्चरच्या मुलांसाठी 'मोफत करिअर मार्गदर्शन' होतं. विषय ट्रेनिंगचा, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात करायच्या कामाचा. मी पप्पांना घेऊन गेले. पप्पा चादरीच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग चालू ठेवायचं काम बघतात. ते शेवटच्या रांगेत बसून सगळं वहीत लिहून घेत होते.

बोलणारे 'सर' तरुण होते. आपण २०१४ ला पास झालो आणि मुंबईत नाव कमावलं, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. मग म्हणाले, "सोलापुरात ट्रेनिंग केलं तर आयुष्यभर महापालिकेत नकाशे पास करत फिराल." हॉल हसला. मीही हसले. आता वाटतं, त्या माणसानं विकलं ते ट्रेनिंग नव्हतंच. आपण सोलापूरचे म्हणजे कमी, ही आमच्या पोटातली भीती त्यानं आम्हालाच परत विकली.

पॅकेज ४५ हजारांचं होतं. त्यात पोर्टफोलिओ (आपल्या कामांचा संच), मुंबईच्या 'टॉप' ऑफिसात ट्रेनिंगची खात्री आणि वर्षभर सल्ला. २० हजार यूपीआयनं दिले. उरलेले २५ हजार पप्पांनी भिशीचे आणून रोख दिले. पावती मागितली तर सर म्हणाले, "काका, घरच्यासारखं आहे, विश्वास ठेवा." पप्पांना संकोच वाटला आणि विषय तिथंच संपला.

तीन आठवड्यांनी पोर्टफोलिओ आला. दुसऱ्या वर्षी आम्ही उन्हातान्हात टेप धरून एका वाड्याची मापं घेतली होती, त्या शीट गायब! त्यांच्या जागी काचेच्या टॉवरचे चकचकीत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली चित्रं. माझे नव्हेत, कुणाचे तेही माहीत नाही. मुलाखतीत एखाद्यानं "हा जिना कुठं उतरतो?" असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण पैसे भरलेले, म्हणून गप्प बसले.

मग ऑफर लेटर आलं. छान लेटरहेड, खाली त्याच सरांची सही, नावाआधी 'आर्किटेक्ट' आणि नोंदणी क्रमांक. ते घेऊन कॉलेजात ट्रेनिंग बघणाऱ्या मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा नंबरच वाचला. सीए, मग २००९, मग पुढचे आकडे.

"हे मधलं २००९ म्हणजे काउन्सिलकडे नोंदणी झाल्याचं वर्ष. हा पास कधी झाला म्हणालीस?"

"२०१४."

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या वेबसाइटवर नंबर टाकला. तो दुसऱ्याच राज्यातल्या एका बाईंचा निघाला. याचं नाव टाकलं, काहीच आलं नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे नोंदणी नसलेल्यानं नावापुढं आर्किटेक्ट लावायचंच नसतं. हे आम्हाला वर्गात शिकवलंय, मी परीक्षेत लिहिलंयसुद्धा. दोन मिनिटांचं काम होतं ते.

फोन बंद, हॉल भाड्याचा. लाजेपोटी मी घरी पाच आठवडे सांगितलं नाही, आणि हीच सगळ्यात महागात पडलेली चूक. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी केला तोवर ते पुढं गेले होते. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार अर्ज दिलाय. २० हजारांचा स्क्रीनशॉट आहे. २५ हजारांचं काय, असं हवालदारांनी विचारलं तेव्हा पप्पांनी ती वही पुढं केली. त्यात सरांचं भाषण होतं, पैशाची नोंद नव्हती.

एक गोष्ट मला वर्गातल्या कुणीतरी आधी सांगायला हवी होती. ऑफिसं ट्रेनिंगसाठी मुलांकडून पैसे घेत नाहीत, उलट थोडाफार स्टायपेंड देतात. आमची पोरं पीडीएफ पोर्टफोलिओ आणि चार ओळींचा ईमेल पाठवून पुण्यात लागली. मध्ये कुणी नाही.

माझा महिना वाया गेला. मग मॅडमनी इथल्याच एका ऑफिसात शब्द टाकला. सध्या एका जुन्या गिरणीच्या चाळीची मापं घेतेय. वाड्याच्या शीट मित्राच्या पेनड्राइव्हमध्ये सापडल्या, मुलाखतीत त्याच दाखवल्या. तो माणूस आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉलमध्ये बोलतोय असं ऐकलंय. लेटर तसंच असेल, आकडे बदलले असतील.