रोटरी कटर, मॅट आणि पाव इंची फूट: नऊ महिने वापरल्यानंतर

हे सगळं क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, शिवायचं सामान. आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. ४५ मिलिमीटरचा रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा): जरूर घ्या. मॅट (कापताना कापडाखाली ठेवायची): घ्या, पण तिच्यावर छापलेल्या रेघांवर विसंबू नका. अॅक्रिलिकचे रुलर: जे घ्याल ते सगळे एकाच कंपनीचे. पाव इंची फूट (शिवणयंत्राच्या सुईखाली कापड दाबून धरणारा भाग): घ्या आणि तपासल्याशिवाय वापरू नका. शिवाय भिंतीवर टांगायला फ्लॅनेलचं एक मोठं कापड, जे माझ्या किटमध्ये नव्हतंच. ते या सगळ्यांच्या आधी घ्या.

आता सविस्तर. नऊ महिन्यांत या सामानावर मी दोन क्विल्ट टॉप पुरे केले आणि तिसरा संपत आलाय. टॉप म्हणजे फक्त वरचा, रंगीत तुकडे जोडून केलेला थर. आतलं बॅटिंग (मधला मऊ थर), खालचं अस्तर आणि तिन्ही थरांतून जाणारे टाके हा पुढचा निराळा उद्योग, त्यात मी इथे शिरत नाही. पहिला टॉप रात्रीच्या आकाशाचा, दुसरा समुद्राचा, तिसरा ऋतूंचा. शिवणयंत्र जुनंच आहे, सरळ आणि झिगझॅग एवढंच शिवणारं, आणि या कामाला तेवढं भरपूर झालं.

कटरपासून सुरुवात करतो. कात्रीने कापताना खालचं पातं कापडाला टेबलावरून थोडं उचलतंच, आणि तिथेच माप हलतं. रोटरी कटरचं गोल पातं कापडावरून फिरत जातं, कापड जागचं हलत नाही. १९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीने हे हत्यार बाजारात आणलं. त्याआधी लोक पुठ्ठ्याचे साचे ठेवून, पेन्सिलीने रेघ मारून एकेक तुकडा कापत होते, हे आठवलं की मला दम लागतो. चार पदर मी एका फेरीत कापतो. सहा पदरही कापले जातात, पण खालच्या पदरांची मापं मग मनाला येईल तशी होतात, म्हणून चारच.

पातं खराब झालं की ते स्वतःच सांगतं. मी एकदा टाचणीवरून कटर फिरवला. बारीकसा ‘टिक’ आवाज झाला, तिकडे लक्ष दिलं नाही. त्यानंतर कापलेल्या प्रत्येक पट्टीत ठरावीक अंतरावर दोन-तीन धागे न कापता राहायला लागले. पट्टी ओढली की तिथेच अडकायची. अंतर मोजलं तर दर वेळी साधारण १४ सेंटिमीटर. ४५ मिलिमीटर व्यासाच्या पात्याचा परीघही तेवढाच! म्हणजे पात्याला एका ठिकाणी खाच पडली होती आणि दर फेरीला ती खाच कापडावर सही करत होती. तुमच्याही पट्टीत असे धागे ठरावीक अंतराने राहत असतील तर जोर वाढवू नका, पातं बदला. जोर लावूनच मी अंगठ्याच्या नखाचा कोपरा गमावला. आता प्रत्येक कापानंतर, फोन वाजत असला तरी, आधी कटरचं झाकण बंद होतं आणि मग हात दुसरीकडे जातो.

अजून एक गोष्ट सुरुवातीला कुणी सांगितली नाही. घडी सरळ नसेल तर पट्टीही सरळ येत नाही. कापड दुमडलेलं असतं, रुलर काठाशी काटकोनात आहे असं वाटतं, कापून उघडावं तर घडीच्या जागी पट्टी कोपरासारखी वाकलेली. त्यामुळे दर तीन-चार पट्ट्यांनी मी घडीशी काटकोन पुन्हा लावून घेतो. थोडं कापड वाया जातं, जाऊ दे.

मॅटबद्दल तक्रार आहे. कंपनीचं नाव घेत नाही. छापलेली चौकट आणि रुलर यांचं एका टोकाला जमतं आणि दुसऱ्या टोकाला मॅटची रेघ जवळजवळ आपल्याच जाडीइतकी पुढे सरकलेली असते. आठ-दहा पट्ट्या मी मॅटच्या रेघांवरून कापल्या आणि मग कळलं. आता मॅट उलटी ठेवतो, कोऱ्या बाजूने, आणि माप फक्त रुलरवर. दुसरा दोष माझा स्वतःचा. इस्त्री केलेले गरमागरम तुकडे गठ्ठ्याने मॅटच्या कोपऱ्यावर ठेवत राहिलो. तो कोपरा थोडा उचलला गेला तो गेलाच. ही प्लास्टिकची मॅट काप भरून काढते, उष्णता मात्र विसरत नाही. उन्हात ठेवू नका, उभी टेकवूनही ठेवू नका.

रुलर दोन आहेत: साडेसहा बाय चोवीस इंची लांब आणि साडेबारा इंची चौकोन. चौकोनावर ४५ अंशाची तिरकी रेघ आहे, ती सगळ्यात जास्त कामाला येते. कापताना लांब रुलर मध्येच घसरायचा. खाली बारीक सँडपेपरचे चार ठिपके चिकटवले, प्रश्न मिटला.

आता पाव इंचाकडे येतो, कारण माझं पहिलं मोठं नुकसान तिथलं आहे.

क्विल्टच्या तुकड्यांना कडेपासून पाव इंच आत शिवण घालायची हा सगळीकडचा नियम, सगळी मापं त्यावर बेतलेली. आकाशाच्या टॉपमध्ये २५ चौकोन होते: १३ तारे आणि १२ नुसते गडद निळे. तारा बारा इंची (कडेच्या शिवणींसाठी सोडलेलं कापड धरून साडेबारा), मध्ये साडेसहाचा चौकोन, चार कोपऱ्यांत साडेतीनचे चौकोन आणि चार बाजूंना ‘फ्लाइंग गीझ’, म्हणजे एक मोठा त्रिकोण आणि त्याच्या खांद्यांवर दोन लहान. हे चार गीझ एकदम करायची एक सुंदर युक्ती आहे: सव्वासात इंचाचा एक चौकोन आणि ३ ७/८ इंचाचे चार, वाया काहीच जात नाही. (पाव, अर्धा, पाऊण मराठीत झकास बोलता येतं, सात अष्टमांशाशी जीभ अडखळते. आमच्याकडे त्याला ‘चाराला अर्धा पाव कमी’ म्हणतात.)

तारे शिवून झाले, दिसायला देखणे. मोजले तर साडेबाराऐवजी सव्वाबारा. हिशेब केला: प्रत्येक शिवणीत माझा फूट एका बाजूला एक सोळांश इंच जास्त खात होता, म्हणजे दोन्ही तुकडे मिळून एक अष्टमांश. आडव्या ओळीत दोन शिवणी, गेला पाव इंच. सगळेच चौकोन सारखे आखूड असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण शेजारचे निळे चौकोन नुसते कापलेले होते, साडेबाराचे, तंतोतंत. सव्वाबाराला साडेबारा जोडायचं म्हणजे निळ्या कापडाला फुगवटा येणारच. वर गीझची टोकं शिवणीत गडप होऊन तारे बोथट. तेराच्या तेरा उसवले. उसवलेल्या दोऱ्यांचा गोळा अजून टेबलावर आहे, मुद्दाम ठेवलाय.

फूट ‘पाव इंची’ आहे असं पाकिटावर लिहिलेलं असतं. त्याच्या उजव्या बाजूची पट्टी कापडाला दिशा दाखवते, तेवढं ती नीट करते. पण कापड उलटं दुमडलं की घडीतच एखादा धागा जातो, म्हणून शिवण पाव इंचाला धागाभर कमी हवी. तपासायची रीत सोपी: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. माझी पाऊण आणि एकच्या मध्ये कुठेतरी. यंत्रावर सुई एक घर उजवीकडे सरकवता येते, तशी सरकवली आणि जमलं. मात्र आधी हाताने चाक फिरवून सुई फुटावर आदळत नाही ना ते बघा. या फुटाचं भोक बारीक असतं, सुई तुटायला एक टाका पुरतो. टाक्याची लांबी मी दोन मिलिमीटर ठेवतो आणि दोरा बारीक सुती, ५० नंबरचा. जाड दोरा शिवणीत जागा खातो आणि पुन्हा तेच रडगाणं.

इस्त्रीबद्दल थोडक्यात. ती फिरवायची नाही, उचलून ठेवायची, दाबायची. तिरक्या कापलेल्या कडा, शिंप्याच्या भाषेत उरेब, इस्त्री फिरवली की रबरासारख्या लांबतात. कापण्याआधीच कापडाला खळ दिली तर हा त्रास निम्मा होतो. एका ओळीतल्या शिवणी डावीकडे दाबल्या तर खालच्या ओळीतल्या उजवीकडे, मग दोन्ही एकमेकींच्या कुशीत बसतात आणि कोपरे बोटांनाच जुळलेले कळतात. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी उगीचच पाच मिनिटं तो कोपरा चाचपत बसलो होतो.

थीमचं सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त चुका तिथे होतात आणि त्याचं खापर सामानावर फुटतं. रात्रीचं आकाश म्हटल्यावर मी आधी काय केलं, तर चंद्र, चांदण्या आणि घुबडं छापलेलं कापड आणलं. कापड फार गोड. त्याचे तीन इंची त्रिकोण कापले आणि प्रत्येक त्रिकोणात घुबडाचा एक डोळा, नाहीतर नुसती चोच. आकाश राहिलं बाजूला, अपघातस्थळ दिसायला लागलं. मोठं चित्र लहान तुकड्यांत मरतं. थीम रंगांतून आली पाहिजे, चित्रांतून नाही. ते कापड बाजूला ठेवून निळ्याच्या सात छटा, दोन राखाडी आणि चिमूटभर पिवळा घेतला, आणि रात्र झाली.

छटेपेक्षाही गडद-फिक्याचा फरक महत्त्वाचा. जांभळी टोकं निळ्यावर हातात धरली की उठून दिसत होती, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघितली तर तारा गायब. फोनवर काळा-पांढरा फोटो काढला तेव्हा कळलं: जांभळा आणि निळा, दोन्ही एकाच करड्या रंगाचे. रंग वेगळे, खोली तीच. तेव्हापासून कापायच्या आधी सगळ्या कापडांचा एक काळा-पांढरा फोटो काढतोच. समुद्राच्या टॉपमध्ये याचाच फायदा झाला. ‘स्टॉर्म अॅट सी’ या जुन्या नमुन्यात एकही शिवण वाकडी नसते, सगळे चौकोन, त्रिकोण आणि लांबट चौकट, तरी गडद-फिकं नीट मांडलं की डोळ्यांना लाटा दिसतात. पहिल्या मांडणीत मला नुसती फरशी दिसत होती. फिके तुकडे एका तिरक्या ओळीत नेले आणि पाणी हललं.

ही मांडणी जिथे होते ती फ्लॅनेलची भिंत. सुती तुकडे तिला टाचणीशिवाय चिकटून राहतात, काढा, फिरवा, दोन दिवस बघत बसा. तिसरा, ऋतूंचा टॉप ‘लॉग केबिन’ या नमुन्याचा आहे, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या गुंडाळत जायच्या, अर्धा चौकोन फिका, अर्धा गडद. असे १६ चौकोन नुसते फिरवून तिरके पट्टे होतात, हिरे होतात, नांगरलेलं शेत होतं. भिंत नसती तर मी पहिलीच मांडणी शिवून मोकळा झालो असतो. तरी चूक झालीच. सगळं शिवून भिंतीवर लावलं आणि मुलगी दारातूनच म्हणाली, “बाबा, खालून दुसऱ्या ओळीतला एक उलटा आहे.” मी म्हटलं, “मुद्दाम ठेवलाय.” ती म्हणाली, “बरं.” ज्या स्वरात म्हणाली त्यामुळे त्याच रात्री उसवला.

आता किनारीची पट्टी राहिलीय. टॉप तीन ठिकाणी मोजला: दोन्ही कडा मधल्यापेक्षा अर्धा इंच लांब भरल्या, हाताळून कडा ताणल्या जातात त्या अशा. पट्टी मधल्या मापाची कापायची आणि कडेला त्यात बसवायची, कडेच्या मापाने कापली तर किनार झालरीसारखी लाटा मारते. आकाशाच्या टॉपला मी तसंच केलं होतं. आकाशाला झालर आहे.

घुबडांचं उरलेलं कापड अजून कपाटात आहे, दोन मीटरच्या वर. ते तिसऱ्याच्या अस्तराला लावणार आहे, एकही घुबड न कापता.