ड्रेनेज तुंबलं: कामटी घालायची की कॅमेरा?

सांगलीत गल्लीतलं चेंबर तुंबलं की आधी बांबूच्या कामट्या निघतात. स्वस्त काम, पाणीही लगेच वाहतं. पण आत काय अडलंय ते कळत नाही, मग तेच चेंबर पुन्हा उसळतं. चाकांवरचा कॅमेरा पाइपात सोडला की वर पडद्यावर दिसतं, सांधा कुठे सरकलाय, पिंपळाची मुळं किती मीटरवर शिरलीत. तेवढंच खणायचं, अख्खा रस्ता नाही! मात्र भरल्या लाइनीत कॅमेरा आंधळाच. आधी जेटिंग करून, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारून, गाळ काढावा लागतो. २०१९ सारखा कृष्णेचा पूर येऊन गेल्यावर तर हमखास. वारंवार तुंबणाऱ्या लाइनीला मी कॅमेराच म्हणेन, एरवी कामटी चालेल. माणूस आत उतरवणं मात्र पर्यायातच धरलेलं नाही; सुरक्षासाधनांशिवाय तसं करायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.